आधी आपांचा फोन

आमचे हे, मेडेर, म्हणजे कुरणावरचे हरहुन्नरी गृहस्थ. मोटारसायकल, रेडिओ, साय काढायचं यंत्र, काहीही उघडतात. परत जुळेलच याची खात्री नाही. उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन वर आलो की वीज नसते, म्हणून यंदा यांनी ट्रकच्या जुन्या बॅटरीवर मोबाईलचा चार्जर करायला घेतला. बाराचे पाच व्होल्ट करणारा तीन पायांचा एक तुकडा बाजारातून आणला, शेणीच्या विस्तवावर खिळा तापवून डाख दिला आणि मला हाक मारली.

"आपला फोन आण गं. आधी त्यावर बघतो."

आमचा फोन नवा कोरा होता. शेजारच्या तंबूतल्या बुबुकान आपाही त्यांचा फोन सकाळीच देऊन गेल्या होत्या. त्यांची सून खाली नारीन शहरातल्या दवाखान्यात, बाळंतपणाला. आधीची दोन पोटातच गेलेली. लेकाचा फोन येईल म्हणून म्हातारीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"अहो, आपांचाच लावा आधी," मी म्हणाले. "जुना झालाय. गेला तर गेला."

हे घुटमळले, पण लावला. डाख देताना त्या तुकड्याचे पाय उलटे जोडले गेले होते. जळका वास आला आणि फोन गेला.

"जुनाच होता हो, आपा," मी जाऊन सांगितलं.

"चालायचंच, पोरी. पण आता मला कळणार कसं?"

लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी खरं बोलायला जीभ रेटेना.

यांनी आपांचं सिमकार्ड आमच्या फोनमध्ये घातलं आणि रेंज मिळते त्या टेकडीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी उतरले.

"मुलगी झाली. दोघी सुखरूप. तूच जा सांगायला, मला तोंड नाही."

आनंदाच्या बातमीची भेट मागायची आमची हाळी देत मी धावत सुटले. "सुयुंचू, आपा, सुयुंचू!"

आपा रडल्या, हसल्या आणि सगळ्यांत गोंडस कोकराचा दोर माझ्या हातात दिला. चांगली बातमी आणणाऱ्याने ही भेट नाकारली तर तान्हीला अपशकुन. मी घेतला.

तेवढ्यात हे आले. "आपा, फोन मी जाळला. माझ्या चार्जरचा भरवसा नव्हता, म्हणून मुद्दाम तुमचा आधी लावला. हिला यातलं काही ठाऊक नाही."

आपा यांच्याकडे वळल्या.

"बायकोकडून तरी काही शीक, मेडेर."

"हो, आपा," हे मान खाली घालून म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आणि मी दोर धरून तशीच गप्प उभी राहिले.