मीटरताई आणि पुढच्या पानावरचे कोड

बॉनेट उघडण्याआधी त्यावर दोनदा टिचकी मारायची. लग्नाची अंगठी काढून सेफ्टी पिनने खिशाला अडकवायची, कारण अंगठी बॅटरीला टेकली तर बोट भाजून निघतं. मीटरचं रीडिंग बॉलपेननं तळहातावर लिहायचं. एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर, आणि शोधायचा तिसरा. फॉल्ट कोड कागदावर उतरवल्याशिवाय पुसायचा नाही. कुणी ‘बहुतेक’ म्हटलं की ‘बहुतेक म्हणजे माहीत नाही’ असं सुनवायचं. चहा गार करूनच प्यायचा आणि गार झाला म्हणून कुरकुरायचं.

ही मीटरताईंची यादी. चार दिवसांपूर्वी त्या गेल्या. तेव्हापासून मी हीच यादी करतोय. दुसरं काही सुचत नाही.

जुनी पोकलेन मशीन जिथे विकायला आणि दुरुस्तीला येतात, त्या यार्डात ताई इलेक्ट्रिशियन होत्या. सव्वीस वर्षं. यार्ड त्यांच्या थोरल्या भावाचं. नवरा तिथेच पत्र्याच्या खोलीत मशीनच्या सीटची कव्हरं शिवतो. मी ऑफिसात कागद सांभाळतो. साहित्य शिकलो म्हणून ताई मला ‘किडा’ म्हणायच्या. वयात तीस वर्षांचं अंतर. डबा एकत्र खायचो. मैत्री होती, एवढंच सांगता येतं.

गेल्या महिन्यात दगडखाणीच्या ठेकेदारानं एक मशीन ओढून आणलं. चालता चालता इंजिन मरायचं. डिस्प्लेवर कोड यायचा: डिझेलचा दाब कमी. ठेकेदारानं फिल्टर दोनदा बदलले होते, दाबाचा सेन्सर नवा बसवला होता. इंजिन मरतच राहिलं. मग त्यानं ऑपरेटरला धरलं. डिझेल विकतोस, टाकीत भेसळ भरतोस, चोर आहेस, असं सगळ्यांसमोर म्हणाला आणि किल्ली काढून घेतली. एकदा डिझेलचोर हे नाव पडलं की दुसरी कुठलीही खाण मशीनवर चढू देत नाही. एकवीस वर्षं मशीन चालवलेला तो माणूस घरी बसला.

“मशीन कधी मरतं?” ताईंनी ठेकेदाराला विचारलं.

“कोड सांगतोय की.”

“कोड राहू द्या. मशीन कधी मरतं?”

ठेकेदाराला माहीत नव्हतं. मग आम्ही ऑपरेटरच्या घरी गेलो. तो आधी बाहेरच येईना. बायको म्हणाली, झोपलेत. सकाळचे अकरा वाजले होते. ताई उंबऱ्यावर बसल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, “मी चोराला भेटायला आले नाही. ऑपरेटर असेल तर पाठव.”

तो आला. भिंतीकडे बघत म्हणाला, “उतारावर मरतं, ताई. डावीकडे कललं की. मी रोज सांगत होतो.”

यार्डात परतून ताई केबिनमध्ये चढल्या. डिस्प्लेवर तोच कोड. त्यांनी बटण दाबून पुढचं पान काढलं. तिथे आणखी दोन कोड होते: ऑइलचा दाब, हवेचा दाब. तिन्हींची वेळ एकच, सेकंदासकट. पहिल्या पानावर डिझेल हा शब्द दिसला आणि सगळे तिथेच थांबले होते. पान कुणी उलटलंच नव्हतं.

“तीन माणसं एकाच सेकंदाला आजारी पडत नाहीत, किड्या,” ताई म्हणाल्या. “पडली तर त्यांना नाही तपासायचं. त्यांचं ताट तपासायचं.”

ताट म्हणजे एक वायर. तिन्ही सेन्सरना पाच व्होल्ट त्या एकाच वायरीतून जातात. ती कुठे लोखंडाला टेकली की तिघांचाही आवाज बंद होतो, आणि इंजिनाच्या कंट्रोलरला वाटतं की दाबच गेला. दोन दिवस ताई इंजिनामागे हात घालून वायरींचा जुडगा चाचपत होत्या. कोपरापर्यंत काळ्या. तिसऱ्या दिवशी एका लोखंडी पट्टीखाली ती सापडली. वरचं प्लॅस्टिक घासून गेलेलं, आतलं तांबं चकाकत होतं.

ठेकेदाराला बोलावलं. ताईंनी मीटर त्याच्याच हातात दिला.

“धरा. मी धरला तर म्हणाल, बाईनं जादू केली. किती दाखवतोय?”

“पाच.”

ताईंनी स्क्रू ड्रायव्हरनं जुडगा डावीकडे रेटला. “आता?”

“शून्य.” केबिनमध्ये डिस्प्ले टीं टीं करायला लागला.

“ऑपरेटर कुठाय आत्ता?”

“घरी.”

“मग डिझेल कोण चोरतंय? मी?”

यार्डातली माणसं हसली. ठेकेदारही ओशाळून हसला. ताईंनी किल्ली बंद केली, बॅटरी सोडवली आणि खराब झालेला वीतभर जुडगा कापून त्याच्या हातात ठेवला. आत नऊ वायरी, सगळ्या उष्णतेनं कडक झालेल्या.

“बरं बरं,” तो म्हणाला. “उद्यापासून पाठवा त्याला. तुम्ही जोडा तेवढं.”

“तो असा येणार नाही. चोर म्हणालात तेव्हा किती माणसं होती?”

“मी काय मोजली?”

“त्यानं मोजली. चौदा. त्या चौदांसमोर म्हणा की माझी चूक झाली. मग जोडते.”

ठेकेदार तणतणत गेला. थोरला भाऊ धावत आला. “अगं, गिऱ्हाइकाचं मशीन अडवून ठेवतेस?”

“मशीन कुठे अडवलंय, दादा? मी थांबलेय. दुसरं कुणी जोडत असेल तर जोडू दे.”

भावानं दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. बहिणीला तो ओळखून होता. डोकं धरून ऑफिसात येऊन बसला आणि मलाच म्हणाला, “तू तरी समजाव.” मी गेलो. ताईंनी माझ्या हातात पकड दिली. “समजावतोस काय? हे धर.” त्या नव्या वायरी मापानं कापत होत्या. सगळं तयार ठेवायचं होतं, जोडायचं तेवढं सोडून.

दोन दिवस ठेकेदार आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ताई घरी बुटाची नाडी बांधायला वाकल्या आणि उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी विचारलं, आधी काही खूण? ते म्हणाले, बहुतेक असेल.

काल ठेकेदार पत्र्याच्या खोलीत आला. ताईंचा नवरा कव्हर शिवत होता. घरी बसवत नाही म्हणतो.

“वाईट झालं,” ठेकेदार म्हणाला. “कुठली वायर कुठे जाते, तो ताईंनी केलेला कागद असेल ना? आधीच्या मालकानं सगळ्या वायरी काळ्याच घातल्यात.”

“आहे. खाणीवर जाऊन या, मग न्या.”

“अहो, गेलेल्या माणसाचा हट्ट तुम्ही कशाला...”

“तिचा होता. आता माझा आहे.” त्यानं मान वर केली नाही. पायाखालची पट्टी दाबली आणि सुई चालू झाली.

आज दुपारी खाणीतली दोन माणसं मशीन बघायला आली. त्या चौदांतली. कोड कुठल्या पानावर होते, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. मग आम्ही तिघांनी मिळून इंजिनामागे वाकून पाहिलं. नऊ नव्या वायरींचे तुकडे मापानं कापलेले. टोकं सोललेली. प्रत्येकीवर जोड झाकायची स्लीव्ह चढवून मागे सरकवलेली. जोड एकही नाही.