न भ्यालेल्या आक्का

आक्कांना एक वाक्य काही केल्या म्हणता येत नसे. 'मी भ्यालो.' आमच्याकडे बायकाही आलो-गेलोच म्हणतात. म्हैस उधळो, पंचगंगेचं पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागो, आक्कांचं उत्तर ठरलेलं, "हाय न्हवं आमी!" माझ्या वकिलीच्या पहिल्याच वर्षी त्यांची सुटका नेमकी या वाक्यापाशी अडकली, हे माझं नशीब.

संध्याकाळी आक्का म्हैस घेऊन पेठेतल्या दूधकट्ट्यावर यायच्या. गिऱ्हाईक पेला घेऊन उभं आणि धार त्याच्या डोळ्यांदेखत चरवीत. चरवी पितळी, आईनं लग्नात दिलेली. दुधात पाणी घातलंय का, असं कुणी विचारलंच तर त्या म्हशीकडे बोट करायच्या, "तिलाच इचार." मी लहानपणापासून त्यांचं दूध प्यालो. अंगावर काळा कोट आला तरी त्यांचं आपलं चालूच, "वकीला, आदी मिशी पूस."

एका संध्याकाळी कट्टा रिकामा झाल्यावर एक तरुण आला. "बसा पावणं, धार काढतो," आक्का म्हणाल्या. पावण्यानं चाकू काढून त्यांच्या गळ्याला लावला आणि दुसरा हात बोरमाळेला घातला. चरवी फिरली. एकदा, दोनदा, तीनदा. पावण्याचे दोन दात पडले, जबडा मोडला आणि आवाज ऐकून पेठ धावली.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडवलं ते पेठेनं, आणि तेही प्रेमापोटी. दुसऱ्याच दिवशी तालमीच्या मंडळानं चौकात डिजिटल फलक लावला. चरवी उगारलेल्या आक्का आणि खाली मजकूर, 'चोराचे अकरा दात पाडणाऱ्या रणरागिणी आक्का यांचे हार्दिक अभिनंदन!' शुभेच्छुकांचे फोटो मात्र बरोबर बत्तीस. त्यानंतर सत्कार झाला, केक कापला, आणि कापला तो चोराच्याच चाकूनं. पंचनाम्यात पोलिसांना चाकू मिळाला नाही, कारण तो मंडळाच्या कपाटात कबड्डीच्या ढालींशेजारी मानानं ठेवला होता.

चोरानं दवाखान्यातून लिहून दिलं, 'मी दूध प्यायला गेलो होतो.' चाकूचा पत्ता नाही आणि अकरा दातांची कबुली चौकात टांगलेली. आक्कांवर गंभीर दुखापतीचा गुन्हा दाखल झाला आणि चरवी मुद्देमाल म्हणून ठाण्यात गेली.

मी मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं. त्यांनी मखमली कापडातून चाकू काढून दाखवला. "साबणानं धुऊन ठेवलाय बघा, वकीलसाहेब. आमी घाण ठेवत न्हाय." मी कपाळावर हात मारला. धुतलेला चाकू कोर्टात न्यायचा तर तो कुठल्याही दुकानातून आणलाय, असं सरकारी वकील म्हणणार. साक्षीदार तर त्याहून थोर. एकानं मला छातीठोक सांगितलं, "आक्कानं सात हाणल्या."

"तुम्ही तिथं होता?"

"न्हवतो. पर आक्का तिनावर थांबंल व्हय?"

आता सगळी भिस्त आक्कांवर. मी त्यांना समजावलं, "जिवाची भीती वाटली म्हणून, आणि जीव वाचण्यापुरतंच मारलं, तर कायदा सोडतो. भीती वाटली एवढं म्हणा."

"कुणाला?"

"तुम्हाला."

"त्या किडक्याला भ्यायचं? आनी दोन हाणाय पायजे हुत्या."

"हे तेवढं कोर्टात म्हणू नका."

त्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. चरवी गेल्यापासून प्लास्टिकच्या बादलीत धार काढावी लागे आणि म्हैस नीट पान्हावत नसे. मग म्हणाल्या, "मी आत गेलो तर ही कुणाला हात लावू देत न्हाय रं." भीतीच्या जवळ त्या एवढ्याच आल्या.

खटला उभा राहिला तेव्हा सगळी पेठ कोर्टात हजर. काही बाकांवर, उरलेली भिंतीला टेकून. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "एकदा मारल्यावर तुम्ही थांबला का नाहीत?"

आक्कांनी मागं वळून पेठेकडे बघितलं.

"बाई, ही समदी जरा भायर जाऊ देत. मग सांगतो."

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं आणि माणसं बाहेर काढायला लावली. दार लागलं. आक्कांनी पदर तोंडाशी धरला.

"भ्यालो, बाई. लई भ्यालो. डोळं गच्च मिटून चरवी फिरवली. पयली भिंताडाला लागली, दुसरी खुंट्याला. तिसरी त्याला लागली, ती त्यो वरडला तवा कळलं. मग चरवी टाकली आन् म्हशीआड जाऊन बसलो. लोकं आली तवा उठलो."

भिंतीचा उडालेला गिलावा आणि खुंट्यावरची खोक, दोन्ही पंचनाम्यात होतं. मी ते दहा वेळा वाचून सोडून दिलं होतं. हुशार वकील! आक्का निर्दोष सुटल्या, चरवीही परत मिळाली, तीन पोच्यांसकट.

निकालाच्या दिवशी दाराबाहेर पेठेनं घेरलं. "आक्का, त्या दिशी बाईस्नी काय सांगितलासा?"

"परत हाणीन म्हटलं."

एकच जल्लोष झाला. त्या गोंधळात त्यांनी माझं मनगट धरलं. "वकीला, पेठंत बोललास तर बघ."

गेल्या वर्षी आक्का दवाखान्यात होत्या. मी भेटायला गेलो तेव्हा खोलीत सुना, नातवंडं, मंडळाचे अध्यक्ष, सगळे होते. आक्का सगळ्यांना दटावत होत्या, "रडताय कशाला? हाय न्हवं आमी!" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही समदी जरा भायर जाऊ देत."

दार लागलं. त्यांनी नुसता हात पुढं केला. मी तो धरून बसलो. मलाही भीती वाटत होती आणि ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

चार दिवसांनी चौकात फलक लागला, 'आयुष्यात कधीही न भ्यालेल्या आक्कांना भावपूर्ण श्रद्धांजली.' त्यावर चोराचे दात आता एकवीस झाले होते. फलकाखाली अध्यक्षांनी डोळे पुसत मला विचारलं, "वकीलसाहेब, आता तरी सांगा. कोर्टात दार लावून आक्का काय म्हणाली हुती?"

"परत हाणीन म्हणाली," मी म्हटलं.