मारवा कोणाचा

यवतमाळात शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय सोहळा होता. आयोजकांच्या मंडळात आधीपासूनच भांडण चाललं होतं. एक गट म्हणे, परंपरा बाटवू नका. दुसरा म्हणे, आपल्या जिल्ह्यातले सगळे लोक स्टेजवर दिसले पाहिजेत. तोडगा म्हणून मला बोलावलं. मी महागावकडच्या बंजारा तांड्यातली, पण लहानपणापासून ख्यालच शिकलेली.

माझं गाणं संध्याकाळी होतं. ग्रीनरूममध्ये तंबोरा लावत बसले होते, तेवढ्यात मंडळाचे सचिव आरशांचा घागरा घेऊन आले. शाळेच्या गॅदरिंगला भाड्यानं आणतात तसला, आरसे प्लास्टिकचे. माझ्या आईनं असल्या घागऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

"ताई, हा घाला न. अन् एखादं होळीचं गाणं होऊन जाऊ द्या."

"मी मारवा गाणार आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "तुमच्यानंतर मोठे पाहुणे मारवाच गाऊन राह्यले न! एका मैफिलीत तोच राग दोनदा होत नाही, तुम्हाले तं माहीत हाये. तुम्ही तुमचं काहीतरी गा."

माझं डोकं सटकलं. घागरा खुर्चीवर टाकून मी सुती साडीतच स्टेजवर गेले. निवेदकानं 'तांड्याची लोकगायिका' अशी माझी ओळख करून दिली. पहिल्या रांगेत पाहुणे बसले होते आणि शेजारी सचिव, माझ्याकडे बघत हात जोडून.

"सचिवसाहेबांनी मला माझं काहीतरी गायला सांगितलंय," मी माइकवर म्हणाले. "तेच गाते."

आणि मारव्याचा कोमल रिषभ लावला.

पाहुण्यांना त्या संध्याकाळी दुसरा राग शोधावा लागला.