बद्द आवाज

कुठेही टेकण्याआधी तो ठोकून बघायचा. डाव्या हाताचं मधलं बोट सपाट ठेवायचं, त्यावर उजव्या हाताच्या बोटाने टकटक करायची आणि मान कलती करून ऐकायचं. आतून कोणी ओ देणार असल्यासारखं. छातीत हवा असेल तर आवाज पोकळ येतो, पाणी साठलं असेल तर बद्द. घरच्या माठावर करून बघा, तुम्हालाही कळेल.

परळच्या हॉस्पिटलात आम्ही एम.डी. करत होतो आणि तो माझा सीनियर होता. मोठ्या डॉक्टरांना शिकवायला वेळ नसायचा, त्यामुळे आपलं आपणच शिकायचं. बाकीचे मोबाईलवर व्हिडिओ बघायचे. हा लिफ्टचं दार, चहाची किटली, लालबागच्या बाजारातले नारळ ठोकत हिंडायचा. ठाकूरद्वारच्या घरी आईचे डबेसुद्धा. तांदूळ कितपत उरलेत ते न उघडता सांगायचा. आई वैतागायची, पण त्याचं बरोबर निघायचं.

वाचनखोलीत त्याची खुर्ची प्लायवूडच्या पार्टिशनला टेकलेली असे.

"हे वरपासून खालपर्यंत पोकळ आहे," तो मला म्हणाला. "सोपा पेशंट. आधी याच्यावर शीक."

पुढचा पेशंट तो स्वतः. ओपीडी संपली की शर्ट काढून खुर्चीवर उलटा बसायचा. "बोल, आवाज कुठे बदलतो?" मी ठोकत खाली यायचो आणि फुप्फुस संपून आवाज बदलेल तिथे पेनाने खूण करायचो. दुसऱ्या दिवशी आवाज कालच्या खुणेच्या वरच बदलायचा. मला वाटायचं, माझंच चुकतंय. धडधाकट सीनियरच्या पाठीत कोण आजार शोधतो? म्हणून मी खूण गुपचूप जुन्या जागीच करायचो. तो म्हणायचा, "काल काय होतं ते विसर. बोटावर विश्वास ठेव."

एका दुपारी मी जुन्या खुणेकडे न बघता ठोकलं. उजवीकडे अर्धी पाठ बद्द होती.

"सर, पाणी आहे. खूप आहे."

तो वळला आणि चक्क आनंदाने हसला. "शाब्बास. आलं तुला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती. स्वतःची पाठ स्वतःला ठोकता येत नाही रे. म्हटलं, तुला आलं की मग तपासायला जाऊ."

पाणी काढलं, पण त्यामागचा आजार फार पसरला होता. तो आमच्याच वॉर्डात वारला. मला त्याचा अजून राग येतो, आणि राग आला की डोळे भरतात.

आता नव्या मुलांना मी शिकवतो, आधी त्याच पार्टिशनवर. त्याची खुर्ची केव्हाच भंगारात गेली. परवा पहिल्या वर्षाची एक मुलगी ठोकता ठोकता थांबली. तिला त्याच्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही. तिचं बोट बसलेल्या माणसाच्या पाठीच्या उंचीवर होतं, उजवीकडे.

"सर, वर पोकळ आहे. इथून खाली बद्द लागतंय. माझं चुकतंय का?"

मीही ठोकून पाहिलं.

"बोटावर विश्वास ठेव," मी म्हटलं. मागच्या आठवड्यात बद्द बरंच खालून लागत होतं, हे मात्र तिला सांगितलं नाही.