काकूचा शालूतला फोटो

मुंबईला फोटोंचं प्रदर्शन पाहायला भर दुपारी शालू नेसून आणि नाकात नथ घालून गेलेली बाई अख्ख्या जगात एकच असेल, आणि ती माझी काकू. हसू नका. तिचं म्हणणं अगदी सरळ होतं. भिंतीवरच्या फोटोत ती शालूत असणार. मग खाली उभी राहिलेली बाई तीच, हे लोकांना कळायला नको?

ही साठ सालानंतरची गोष्ट. मी अमरावतीला कॉलेजात होते. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, त्यांचा अकोल्याला फोटो स्टुडिओ. आसपासच्या कितीतरी सोयरिकी त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलेल्या. मुलगी यायची, रंगवलेल्या बागेच्या पडद्यापुढे कुंडीला हात लावून उभी राहायची, आणि तो फोटो पत्रिकेसोबत मुलाकडे जायचा. पसंत नसली की 'पत्रिका जुळत नाही' असं लिहून पाकीट परत. काकूचीही तीच कथा. बार्शीटाकळीच्या शेतकऱ्याची लेक. तिचा शालूतला फोटो काकांनीच काढलेला, आणि तो दोन घरांतून परत आला. पुन्हा फोटो काढायला तिचे वडील तिला घेऊन आले, तेव्हा काका म्हणाले, "आता कोठी धाडता? राहू द्या इथंच." ही पत्रिका मग कुणी जुळवून पाहिलीच नाही.

सगळं गोड झालं खरं, पण ती दोन पाकिटं काकूच्या मनातून काही जाईनात. काकांना पुढे मुंबईच्या प्रदर्शनात फोटो पाठवायचा नाद लागला, तशी ती मागेच लागली. "माहा शालूतला धाडा. ज्याईनं वापस केला, त्याईले समजू द्या का मी मुंबईच्या भिंतीवर लागते!" काका ऐकून घ्यायचे. एका वर्षी म्हणाले, रिद्धपूरचं देऊळ पाठवलं. ते परत आलं. मग म्हणे बैलजोडी पाठवली, तीही आली. तिसऱ्या वर्षी नदीवरचं धुकं. काकू पोट धरून हसायची. "अवो, देव वापस आला, बैल वापस आले, आता तर धुकंई घरी आलं! बायकोचा धाडून पाहा ना एकडाव." काकाही हसायचे.

चौथ्या वर्षी पत्र आलं, फोटो निवडला म्हणून. कुठला पाठवला, हे काका सांगेनात. "तिकडं गेल्यावर पाहा," एवढंच. त्यांच्या त्या गप्प बसण्यात काकूला शालू दिसला. तिने मूर्तिजापूरच्या नणंदेपासून बार्शीटाकळीच्या चुलत्यांपर्यंत सगळ्यांना कळवून टाकलं, आणि इंग्रजी वाचायला म्हणून काकांबरोबर मलाही घेतलं. बाई, माझी तर चैनच झाली.

प्रदर्शनाच्या इमारतीत दोन दालनं होती. पहिल्यात साड्यांची फॅशन. पुतळ्यांना पाचवारी नेसवलेल्या, ब्लाउजांना बाह्या नाहीत, पदर कुठल्या कुठे. मी हरखून पाहत होते. काकूने एका पुतळीपुढे कंबरेवर हात ठेवले. "काहून वो, हिले नेसवणारं कोणी भेटलं नाई?" असं म्हणत ती खाली बसली आणि निऱ्या सारख्या करायला लागली. तिथला माणूस धावत आला. काकू त्यालाच म्हणाली, "धर इकडून." आणि त्याने खरंच धरलं.

दुसऱ्या दालनात फोटो. गंजलेलं कुलूप, रिकामी कपबशी, कुणाचा तरी भेगाळलेला एकच पाय. "बाकीचा माणूस कोठी ठेवला?" काकूने विचारलं. मी तिला दटावून पुढे नेत होते. तिचं लक्ष पायावर नव्हतंच. ती भिंतीभिंतीवर शालू शोधत होती.

आणि मग काकू स्वतःच सापडली. चांगल्या हातभर उंचीच्या फोटोत, बापाच्या वावरात, विटक्या लुगड्यात. कासोटा वर खोचलेला, ओटीत कापूस, केस विस्कटलेले, एक हात तोंडाशी नेऊन कुणाला तरी हाक मारतेय. खाली इंग्रजीत चिठ्ठी होती. काकूने विचारलं, मला वाचावं लागलं, "कापूस वेचणारी मजूर बाई, वऱ्हाड."

"मजूर?" काकूच्या नथीचे मोती हलले. "माह्या बापाच्या वावरात मी मजूर?" काका दोन पावलं मागे सरकले. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. सगळ्या गोतावळ्याला सांगून आली होती बिचारी. मला काकांचा असा राग आला म्हणता!

तेवढ्यात दोन बायका त्या फोटोपुढे येऊन थांबल्या. "काय चेहरा आहे!" एक म्हणाली. काकू वळली. "ते मीच होय." बायकांनी शालू पाहिला, नथ पाहिली, आणि समजूतदारपणे हसल्या. लहान पोराच्या थापेला हसतात तशा.

झालं. काकूने शालू खोचला, पदर डोक्यावर ओढला, हात तोंडाशी नेला आणि बोंब ठोकली, "अवो! चाला ना जेवाले! भाकर वाळून राहिली!"

दालनातले सगळे वळले. फोटोतला चेहरा जसाच्या तसा खाली उतरला होता. त्या बायकांनी आधी वर पाहिलं, मग खाली, आणि चक्क हात जोडले. पण काकूचं तिकडे ध्यान नव्हतं. ती काकांना म्हणत होती, "हेच धाडाचं होतं? शालूतला एकडाव धाडला असता, तर का बिघडत होतं तुमचं?"

काकांनी टोपी काढून हातात घेतली. "देऊळ धाडलंच नव्हतं मी. बैलंई नाई अन धुकंई नाई. तिन्ही खेपा तुहाच होता. शालूतला."

काकूने बोटांवर मोजलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजे पाच झाले. पाच खेपा वापस आला माहा फोटो."

"हौ."

"अन तुमी एकटेच गिळत राहिले? मले देवावर हसू देल्लं?"

"तू हसत होती ना," काका म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. खोचलेला शालू सोडून तिने नीट केला. "वापस यायची मले सवय हाय जी," ती म्हणाली. "ज्यानं वापस नाई धाडलं, त्याच्या घरी बसली ना मी." आणि मलाच रडू फुटलं.

अकोल्याला परतल्यावर काकांनी कापसाचा फोटो स्टुडिओत आतल्या भिंतीवर टांगला. रस्त्याकडच्या काचेत लावला तो शालूतला. तो मी नीट पाहिला. खोटं कशाला बोलू, मुंबईवाल्यांचं काही चुकलं नव्हतं. काकू त्यात मुसळासारखी ताठ उभी होती. जाणारं-येणारं कुणी थांबून विचारायचं, "हाच का तो मुंबईचा?" की काकू आतून मोठ्या ऐटीत सांगायची, "नाई बाप्पा, तो आत हाय. हा वापस आलेला. हा आमच्या घरचा."