नानांची सही

सुलक्षणाने चोपड्यात स्वतःचं वकिलीचं ऑफिस थाटलं आणि उद्घाटनाला तोताराम नानांना बोलावलं. तिथंच चुकलं. पण बोलावणार तरी दुसऱ्या कोणाला? जळगावला नानांच्या हाताखाली तिची उमेदीची वर्षं गेलेली. गुरूच्या हातून फीत कापून घेतली नाही, तर लोक काय म्हणतील!

नानांनी फीत कापली, पेढा तोंडात टाकला आणि भाषण ठोकलं. "पोरीने चूल वेगळी मांडली, तरी घर एकच आहे. अडलं-नडलं तर मी बसलोय जळगावला."

पहिल्या रांगेतले घेवरचंद शेठ टाळ्या थांबायच्या आत उठले. "म्हणजे नाना, आमचं दुकानाचं मॅटर तुम्हीच बघणार! मग कागद तुमच्याकडेच असू द्या."

नाना नुसते हसले. नाही म्हणायला त्यांचं काय जात होतं?

त्यानंतर ज्यांच्या भरवशावर तिने ऑफिस घेतलं होतं, ते पक्षकार एकेक करून नानांकडेच राहिले. स्वतःचं काही काढणाऱ्याला शाबासकी सगळे देतात. बसायला खुर्ची कोणी सरकवत नाही.

उरली एकटी मोगराबाई. सातपुड्याच्या पायथ्याची. बापाच्या शेतात भावांनी हिस्सा नाकारला, म्हणून ती चोपड्याच्या कोर्टात आलेली. दावा लिहिला सुलक्षणाने, दर तारखेला धावली सुलक्षणा. वकीलपत्र मात्र नानांच्या नावाचं, ती त्यांच्याकडे होती तेव्हाचं. ते बदलायचं तर आधी जुन्या वकिलाची ना-हरकत सही घ्यायची, असा रिवाज.

सुलक्षणा सहीसाठी जळगावला गेली. "बस, चहा घे. सही कुठं पळून चालली?" नाना म्हणाले. पुन्हा गेली, तेव्हा त्यांना चष्मा सापडेना. तिसऱ्या खेपेला ते सरळच बोलले. "अगं, तू लिही, मी बोलतो. तुझं बोलणं कोर्टाने ऐकावं, इतकी तू अजून मोठी झाली नाहीस."

ती एसटीने परत आली तेव्हा मोगराबाई ऑफिसच्या पायरीवर बसलेली होती.

"दिन्ही का सही?"

"नाही. नाना स्वतः येणार आहेत. तेच बोलतील."

"त्यास्ले मन्हं नावबी म्हाईत नही, ताई. मन्हं बठ्ठं तुले म्हाईत शे. तूच बोल."

सहीविना एक वाट होती. पक्षकाराने स्वतःच अर्ज करून कोर्टाची परवानगी मागायची. कायद्यात ती होती. पण स्वतःच्या गुरूवर तसा अर्ज कोणी करत नसे. सुलक्षणाने अर्ज लिहिला आणि मोगराबाईचा अंगठा घेतला.

"गुरूवर अर्ज?" बाररूममध्ये ज्योत्स्ना वकील कुजबुजली. "उद्या तुला इथं पाणी कोण विचारेल?"

"आज कोण विचारतंय?"

तारखेला नाना काळा कोट घालून हजर. न्यायाधीशांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "बाई, तुमचा वकील कोण?" मोगराबाईने सुलक्षणाकडे बोट केलं. परवानगी मिळाली. नाना निघाले, तेव्हा सवयीने सुलक्षणा त्यांच्या पायाशी वाकली. त्यांनी पाय मागे घेतला. "शिकवलं, तेच चुकलं," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत ते गेले. बाकावरच्या वकिलांनी माना फिरवल्या.

मोगराबाईचा थोरला भाऊ छगन साक्षीला उभा होता.  सुलक्षणा उलटतपासणीला उठली.

"तुमच्या वडिलांना अपत्यं किती?"

"दोन. मी आन् धाकला पुना."

"आणि मोगराबाई?"

छगन हसला. "ती पोर शे. पोरीस्ले कोन मोजस?"

मागच्या बाकावर एकदोघं हसले. सुलक्षणाने हसू विरेपर्यंत वाट पाहिली.

"साक्षीदाराचं हे उत्तर," ती न्यायाधीशांना म्हणाली, "त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं."