राजपुऱ्यातला उपवासाचा बर्गर

श्रावणातला दुसरा सोमवार, दोन वर्षांपूर्वी, दुपारी दोनची वेळ. त्या दिवशी वैशालीवर अन्याय झाला. आपल्या मराठी श्रावणातला दुसरा म्हणतेय मी – आमच्या शहरातल्या हिंदीवाल्यांचा श्रावण पंधरा दिवस आधी लागतो, त्यांचा तो शेवटचा होता. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. इतकी पत्रकं काढली, सगळ्यांचे गुन्हे छापले – हा एक सोडून.

वैशाली फोपनार गावची. तिथल्या मुलींना शहरातल्या कॉलेजसाठी दुपारची बस मिळावी म्हणून आम्ही दोघी पत्रकं काढायचो. मी लिहायचे, ती वाटायची. मग तिने शहरात, आमच्या राजपुऱ्यात बर्गरचं दुकान टाकलं, सहा टेबलांचं. मी म्हणाले, संपली ही! चळवळ सोडून पाव विकायला बसली! भाषणातही म्हणाले – नाव न घेता. टाळ्या पडल्या.

त्या सोमवारी मी पहिल्यांदा तिच्याकडे जेवायला गेले. खरं सांगू? रिकामं दुकान बघायला गेले होते. श्रावण सोमवारी बर्गर खायला कोण येणार? तर उभं राहायला जागा नाही! तिने उपवासाचा बर्गर काढला होता – घरच्या मळ्यातल्या कच्च्या केळ्यांची टिक्की, सैंधव मीठ, शेंगदाण्याची चटणी, आणि पावाच्या जागी राजगिऱ्याच्या दोन जाड, छोट्या भाकऱ्या.

"बघ ना यार," ती म्हणाली, "आधी त्यांचा श्रावण, मग आपला. सहा-सहा सोमवार! कोणत्या गावाला भेटतात?"

हात धरून तिने मला आत नेलं. कांदा घातलेल्या टिक्कीची कढई एका भिंतीला, उपवासाची दुसऱ्या. तेल वेगळं, झारा वेगळा. "हिला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. मम्मीला पण नाही लावू देत."

मी पाहिलं. दोन्ही पाहिल्या.

बर्गर कसा होता? उत्तम होता. आणि तेच सहन होईना – पण तेवढंच असतं तर मी गप्प घरी गेले असते. गल्ल्यापाशी बसच्या मागणीचा कागद होता, पेन दोरीला बांधलेलं. मजकूर माझाच. चार पानं सह्यांनी भरलेली! माझ्या पत्रकाने वारा घेणाऱ्या बायका इथे तोंड पुसून सह्या करत होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या कुसुम मावशी – मला कायम "नंतर बघू गं" म्हणणाऱ्या – त्यांनी तर सुनेलाही करायला लावली. वैशालीने ती पानं माझ्या हातात दिली. "घे, तुझं काम. मी तर फक्त चटणी वाढते."

आनंद व्हायला हवा होता ना? मुलींना बस मिळणार होती. मला दिसलं ते एवढंच – यांनी सह्या मला नाही दिल्या, हिला दिल्या.

बाहेर पायरीवर कुसुम मावशी चपला घालत होत्या. हळूच म्हणाल्या, "काय गं, चालतं ना हे उपवासाला? तू आत जाऊन आलीस." त्यांचे सोळा सोमवार चालले होते.

आणि मी – चेहरा अगदी दुःखी केला मी – म्हणाले, "कसं सांगू मावशी... कढई एकच आहे. कांद्याचंच तेल."

त्यांनी तिथेच तोंडाला पदर लावला.

संध्याकाळी भजनाला जमलेल्या सगळ्या बायकांना ते माहीत होतं. पुढच्या सोमवारी सहाही टेबलं रिकामी. "पैशापायी देवाला पण फसवलं पोरीनं," हे माझ्या कानांनी ऐकलं. मी मान डोलावली.

वैशाली माझ्याकडेच आली. माझा संशयसुद्धा नव्हता तिला! "शुभी, तू तर पाहिलंस आत. एक पर्चा लिही ना यार. तुझं ऐकतात लोक."

कुणाच्या बापाला भीत नाही म्हणून मिरवणारी मी. मी काय म्हणाले? "श्रद्धेचा विषय आहे, वैशू. आपण त्यात पडू नये."

"हां, ते पण आहे," ती म्हणाली, आणि गेली.

उपवासाचा बर्गर तिने बंद केला. आता श्रावणभर तिचं शटर खाली असतं. बस मात्र सुरू झाली – त्याच चार पानांवर – आणि हार माझ्या गळ्यात पडला. मी तो घालून फोटो काढला.

लहान होते म्हणणार नाही. चळवळीच्या प्रेमापोटी म्हणणार नाही. जळत होते. बस्स.

मी स्वतः जाऊन का सांगत नाही? वैशालीला सांगेन, हा कागद हातात देऊन. पण त्या बायकांपुढे उभी राहिले तर मी भाषण करेन – आणि ते संपेपर्यंत पुन्हा मीच बरी ठरेन. ओळखते मी स्वतःला.

म्हणून तुम्ही जा. उद्याच. भजनाला बायका जमतात तिथे उभे राहा आणि मोठ्याने सांगा – वैशालीने कुणाचाही उपवास मोडला नाही, शुभांगी चौधरी खोटं बोलली. याच शब्दांत. एकही कमी करू नका.